बागकाम आणि लँडस्केपिंग: काम कुठे वेगळं होतं, आणि शिकायचं कुठून? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कडुनिंब

भाची यंदा बारावी सायन्स पास झाली. विषय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. गणित दहावीनंतर सोडलं. तिला झाडांचंच काम करायचंय, त्यात दुमत नाही. पण घरात दोन तट पडलेत. एक म्हणतात हॉर्टिकल्चरला (उद्यानविद्येला) घाला, दुसरे म्हणतात लँडस्केप डिझाइन करू दे. इकडे नर्सरीच्या पाट्यांवर 'गार्डनिंग अँड लँडस्केपिंग' एकाच ओळीत लिहिलेलं असतं, त्यामुळे गोंधळ वाढतो.

या क्षेत्रातल्या लोकांनी सांगावं. एकाच जागेवर या दोघांची कामं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात? शिक्षण कुठलं लागतं? आणि एका वाटेनं गेल्यावर पुढे दुसरीकडे वळता येतं का? आम्ही पुण्यात राहतो.

ओळंबा

पाटीवर एकत्र लिहितात, कारण लहान कामात एकच माणूस दोन्ही करतो. तरी फरक कळलेला बरा, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात येते.

एक सरळ उदाहरण घेऊ. नुकतंच बांधकाम संपलेला बंगला, भोवती १,००० चौरस फूट मोकळी जागा. लँडस्केपवाल्याचं काम इथे झाडापासून सुरू होत नाही, राडारोड्यापासून होतं. भिंतीलगत सिमेंटचं पाणी, विटांचे तुकडे, चुना, फरशीचे कपचे असं सगळं जमिनीत गेलेलं असतं. वर सहा इंच लाल माती पसरली की काही दिसत नाही, पण मुळं थोड्या महिन्यांत खाली पोचतातच. तिथे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर असेल तर जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. एक्झोरा आणि अनंत यांच्यावर हे आधी दिसतं: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. माळी बिचारा युरिया टाकत राहतो आणि पानं पिवळीच राहतात, कारण कमतरता नत्राची नसतेच. चिलेटेड लोहाच्या (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाच्या) फवारणीनं पानं तात्पुरती हिरवी होतात; मूळ कारण खाली तसंच राहतं. म्हणून भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी तरी दीड फूट खोल खणून सगळं बाहेर काढायचं. एस्टिमेटमध्ये ही ओळ नसेल तर पुढचं सगळं डळमळीत.

मग पातळी. पाणी जोत्याकडून बाहेर गेलं पाहिजे. फरसबंदीला १:८० ते १:१०० उतार देतात. २० फुटांच्या वाटेला १:८० म्हणजे बरोबर ३ इंच. लॉनलाही १ ते २ टक्के उतार हवा, नाहीतर पावसात पाणी साचून गवत कुजतं. हे डोळ्यांच्या अंदाजानं होत नाही. लहान जागेला पाण्याची पारदर्शक नळी पुरते, मोठ्या जागेला ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावतात. नळी वापरताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. काटकोन दोरीनं काढायचा: एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, आणि तिरकस माप ५ आलं की कोपरा बरोबर.

कामाचा क्रम मोडला की पैसे दुप्पट जातात. आधी खोदाई, मग जमिनीखालचे पाइप, मग कर्ब (वाटेच्या कडेची उभी पट्टी) आणि फरसबंदी, मग माती, मग झाडं आणि सर्वांत शेवटी लॉन. वाटेखालून दर काही अंतरावर रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवतात. दिव्याची वायर किंवा ठिबकची नळी पुढे त्यातूनच जाते. तो राहिला तर नवी फरसबंदी फोडायची वेळ येते.

पेव्हरचं (फरसबंदीच्या सिमेंट ब्लॉकचं) काम तर निव्वळ बांधकामच आहे. चालण्यासाठी ६० मिमी जाडीचा ब्लॉक, गाडी येणार असेल तर ८० मिमी. त्याखाली एक ते दीड इंच क्रश सँड, तिच्याखाली खडी-मुरमाचा थर. भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवून करायचा. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा-आठ इंच दबतात, खालचं पोकळ राहतं आणि पहिल्या पावसाळ्यात वाट खचते. कडेला कर्ब नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, फटी वाढतात आणि त्यांत हरळी शिरते.

आता मातीचा हिशेब. १,००० चौरस फुटांवर एक फूट म्हणजे १,००० घनफूट, म्हणजेच १० ब्रास. माती बसते, म्हणून १२ ब्रास धरायची. लाल मातीच्या नावानं मुरूम येतो, हे कायम लक्षात ठेवा. मूठभर ओली करून गोळा वळा. दाबल्यावर नुसते खडे सुटून पडले तर तो मुरूम आहे, गाडी परत पाठवा. आणि मातीबरोबर लव्हाळा हे चिवट तण येतं. त्याच्या जमिनीखालच्या गाठी वाटाण्याएवढ्या असतात, चाळणीतून सुटतात. उपाय एकच: माती पसरून पाणी मारायचं, पंधरा-वीस दिवस थांबायचं, कोंब वर आले की गाठीसकट खणून काढायचे, आणि हे शक्य तर दोनदा करायचं. लॉन लावल्यावर लव्हाळा आला की गवत न उखडता तो काढणं जवळपास अशक्य. हे पंधरा दिवस मालकाकडून मागून घेणं हासुद्धा या कामाचाच भाग आहे.

शेवंती

ओळंबा यांनी सांगितलेलं काम दोन-तीन महिन्यांत संपतं. बागकामाला असा शेवट नाही, ते ऋतूंवर चालतं. त्यामुळे शिक्षणही वेगळं. पातळी काढायला आठवड्यात शिकता येतं, पण एखाद्या झाडाची छाटणी बरोबर झाली का हे दीड-दोन महिन्यांनी कळतं, आणि चुकली तर पुढची संधी वर्षानंच.

गुलाबाचं बघा. आपल्याकडे मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. साधारण ४५ दिवसांनी फूल येतं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (फांदीवरची कोंब फुटायची जागा) निवडायचा आणि त्याच्यावर अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. काप डोळ्याच्या फार जवळ गेला तर डोळा सुकतो. एक इंच वर राहिला तर ते टोक वाळतं, आणि ती वाळ काळी होत खाली उतरत जाते, हाच डायबॅक. म्हणून जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात. सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) धार गेली असेल तर फांदी कापली न जाता चिरडते. दर दोन-तीन झाडांनंतर पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट दिसली की बुडापासून काढायची. ती जोमदार दिसते म्हणून ठेवली तर कालांतरानं गुलाब जातो आणि ज्यावर कलम बांधलं तो खुंट तेवढा उरतो.

मोगऱ्याचं वेळापत्रक निराळं. हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीच्या सुमाराला छाटणी, मग खत-पाणी सुरू, आणि फुलं उन्हाळ्यात. बोगनवेलीला रोज पाणी दिलं तर पानं भरपूर येतात, रंग येत नाही. हे झाडागणिक वेगळं ज्ञान म्हणजे बागकाम. ते यादी पाठ करून येत नाही.

किडीचंही तसंच. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. नुसती फवारणी करून तो हटत नाही, कारण अंगावरच्या मेणामुळे औषध आत पोचत नाही. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवायचा, फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकायचे (कंपोस्टमध्ये नकोत), मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटून घ्यायचं, नाहीतर ते वर तरंगतं आणि एकाच पानावर जास्त पडून पान जळतं. संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त. त्या गोड चिकट्यासाठी ढेकणांना राखतात आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.

लँडस्केपवाल्याकडून आलेला आणि माळ्याला निस्तरावा लागणारा आणखी एक प्रकार म्हणजे हुमणी, मुळं खाणारी अळी. अर्धवट कुजलेलं शेणखत आणलं की तिची अंडी-अळ्या सोबत येतात. लॉनचा तुकडा पिवळा पडतो आणि हातानं ओढला तर चटईसारखा उचलला जातो, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. लोक याला पाण्याची कमतरता समजून पाणी वाढवतात. शेणखत हातात घेऊन बघा: काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेलं असेल तरच घ्या. ढीग गरम लागला तर ते अजून कुजतंय.

लॉन कापताना एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही. पावसाळ्यात आठवड्याला, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी. कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी दिसली तर दोष गवताचा नाही, मोअरचं पातं बोथट आहे.

पाणी देणं हे सगळ्यांत सोपं समजलं जाणारं काम आहे, आणि कुंडीतली झाडं सगळ्यात जास्त त्यातच मरतात. बोट दोन इंच मातीत घालायचं, ओल लागली तर पाणी नाही. 'रोज एक तांब्या' हा नियम जुलैत झाड कुजवतो आणि एप्रिलमध्ये वाळवतो. जे माळी टिकतात त्यांची ही बोटाची सवय पक्की असते.

कडुनिंब

दोघांचेही मनापासून आभार. इतकं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. गणित नसल्यामुळे तिच्यासाठी कुठली दारं बंद झाली, हेही कुणी सांगेल का? तिला गच्चीवरच्या बागांत विशेष रस आहे.

समपातळी

शिक्षणाबद्दल मी लिहिते.

लँडस्केप आर्किटेक्टची मुख्य वाट अशी: बारावी, मग नाटा ही प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचं बी.आर्क., आणि त्यावर दोन वर्षांचं एम.आर्क. लँडस्केप. एकूण सात वर्षं. दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट ही याची नावाजलेली ठिकाणं. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालय आहे, ते फक्त मुलींसाठी. बी.आर्क.ला बारावीत गणित लागतं, त्यामुळे तुमच्या भाचीला ही वाट आज बंद आहे. वाईट वाटून घेऊ नका, कारण या सात वर्षांत झाडांचा वाटा तसा थोडाच असतो. जमिनीचे उतार, पाण्याचा निचरा, नकाशे, बांधकामाचे तपशील, माणसं जागा कशी वापरतात, हा त्याचा गाभा. झाडं आम्ही आकार, सावली, उंची, पानगळ अशा अंगांनी शिकतो. कलम बांधायला कुणी शिकवत नाही.

उद्यानविद्येची पदवी म्हणजे बी.एस्सी. ऑनर्स हॉर्टिकल्चर, चार वर्षांची. जीवशास्त्र गटातून एमएचटी-सीईटी देऊन प्रवेश मिळतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतली महाविद्यालयं आहेत, त्यात पुण्यातलंही आहे. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम नीट वाचा. त्यात फळबागा, भाजीपाला, मसाला पिकं, काढणीनंतरची प्रक्रिया यांना मोठी जागा आहे. शोभेची झाडं आणि प्रांगण उद्यान (लँडस्केप गार्डनिंग) हे त्यातले काही विषय. पुढे एम.एस्सी.ला मात्र पुष्पशास्त्र आणि लँडस्केप ही स्वतंत्र शाखा घेता येते. तुमच्या भाचीला हीच वाट सरळ आहे असं मला वाटतं.

हाताचं काम आधी शिकायचं असेल तर कृषी विद्यापीठांचे माळी प्रशिक्षण वर्ग आहेत, आयटीआयमध्ये हॉर्टिकल्चरचा ट्रेड आहे, आणि नोकरी सांभाळून शिकायचं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत.

कायद्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टला त्या बंधनातून वगळलेलं आहे. म्हणजे हॉर्टिकल्चर शिकलेल्या व्यक्तीनं बागेचं डिझाइन करायला कायद्याची आडकाठी नाही. मोठ्या निविदांमध्ये पात्रतेच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेवढं बघायचं. आणि दुसरा कायदा प्रत्येकाला लागू: १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा. आराखड्यात आड येतं म्हणून जुनं झाड तोडता येत नाही, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून आम्ही आधी जागेवरच्या प्रत्येक झाडाचा बुंधा आणि घेर नकाशावर मांडतो, रेषा नंतर ओढतो.

गच्चीबद्दल लिहिते, कारण इथे हौसेनं मोठे अपघात होतात. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे वापरातल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, इतकं चालतं वजन (माणसं, सामान असं बदलतं वजन) धरतात. ओली माती घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास भरते. एक फूट जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला ५४० किलो, साडेतीनपटीहून जास्त. त्यामुळे गच्चीवर वाफे करायचे तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यायचं. जड कुंड्या तुळईवर आणि खांबांच्या डोक्यावर ठेवायच्या, स्लॅबच्या मधोमध नाही. मातीऐवजी कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइटचं हलकं मिश्रण घ्यायचं. तरी हिशेब ते पाण्यानं भिजलेलं असतानाच्या वजनाचा करायचा, कारण कोकोपीट पाणी भरपूर धरतं.

थरांचा क्रम खालून वर असा: वॉटरप्रूफिंग, त्यावर ४८ तास पाणी साठवून चाचणी, मग मुळं अडवणारा पडदा, ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे पोकळ प्लॅस्टिकचे साचे), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) आणि शेवटी मिश्रण. चाचणी मिश्रण टाकल्यावर करून काही कळत नाही. गच्चीवरचं पाणी पाइपात उतरतं त्या तोंडाभोवती एक फुटाची जाळीची पेटी उघडी ठेवायची, तिच्यावर माती कधीच नको. पुष्कळदा गच्ची गळते ती वॉटरप्रूफिंग खराब म्हणून नाही. तोंड गाळानं बुजतं, पाणी साचून कठड्याच्या सांध्यापर्यंत चढतं आणि तिथून आत उतरतं. ती पेटी दर महिन्याला उघडून साफ करणं मात्र माळ्याचं काम.

दोन्ही कामं एकाच जागी शेजारी बघायची असतील तर भाचीला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या. जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. तिथले उंचवटे, पाण्याचा वाहता पाट आणि वाटेची वळणं ही आखणी एकदाच झाली. कातरून गोल ठेवलेली झुडपं मात्र कुणीतरी सतत कातरत असतो म्हणून तशी दिसतात. एक वही घेऊन जायचं आणि पाणी कुठून कुठे जातं तेवढंच काढायचं. तासाभरात बरंच उलगडतं.

कातळ

कोकण-गोव्याकडच्यांसाठी थोडी भर. जांभ्यात तीन फुटांचा खड्डा खणून चांगली माती भरली की झाडाची सोय झाली, असं वाटतं. कठीण कातळात तो खड्डा म्हणजे बादली होते. पाऊस सुरू झाला की पाणी भरतं, बाहेर जायला वाट नसते, आणि जुलैअखेर नारिंग, अनंत, चाफा यांची मुळं कुजतात. खड्ड्यात आधी दोन बादल्या पाणी ओतून बघायचं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर उताराकडची बाजू पहारेनं फोडून चर काढायचा, किंवा खड्डा सोडून दीड फुटाच्या उंचवट्यावर झाड लावायचं.

आणि पागोळ्यांचा हिशेब करा. १,००० चौरस फुटांच्या छपरावर तासात ५० मिमी पाऊस पडला तर ४,६०० लिटर पाणी खाली येतं. ते थेट वाफ्यात पडलं तर माती दोन पावसांत वाहून जाते. पागोळीखाली फुटभर रुंद खडीचा पट्टा आणि त्याला उतार, हे देशावरच्या आराखड्यात बहुधा नसतं. इकडे ते आधी हवं.

ओळंबा

समपातळी ताईंनी शिक्षणाचं नेमकं सांगितलं. शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाण्याबद्दल, मी लिहितो.

झाडं कळणाऱ्या माणसाला लँडस्केपचं कंत्राटी काम शिकायला तीन गोष्टी लागतात: पातळी, पाण्याची गणितं आणि अंदाजपत्रक. तिन्हींना बारावीचं गणित लागत नाही, आठवी-नववीचं पुरतं. उलट दिशेनं येणाऱ्याला, म्हणजे बांधकामातून झाडांकडे, जास्त वेळ लागतो, कारण निदान एक पूर्ण वर्षाचे ऋतू बघावेच लागतात.

पाण्याचं गणित असं. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५ मिमी पाणी धरलं तर १,००० चौरस फुटांना साधारण ४६५ लिटर. नळाखाली २० लिटरची बादली ठेवून घड्याळ लावा. एका मिनिटात भरली तर तुमच्याकडे मिनिटाला २० लिटर आहेत. १५ फूट फेकणारा अर्धगोल पॉप-अप (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारा फवारा) मिनिटाला साधारण ७ लिटर घेतो. म्हणजे एका व्हॉल्व्हवर दोनच लावायचे. पाच लावले तर दाब पडतो, फवारा निम्म्यावर येतो आणि दोन डोक्यांच्या मध्ये वाळलेले गोल दिसू लागतात. एकाचा फवारा शेजारच्याच्या बुडापर्यंत पोचला पाहिजे, अर्ध्यावर भेटून चालत नाही. झुडपं आणि लॉन एका व्हॉल्व्हवर कधीच घ्यायची नाहीत, त्यांची गरजच वेगळी.

अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त चूक रोपांच्या संख्येत होते. जमीन झाकणारी रोपं १२ इंचांवर लावली तर चौरस फुटाला १, ९ इंचांवर सुमारे १.८ आणि ६ इंचांवर ४ बसतात. २०० चौरस फुटांचा वाफा म्हणजे २००, ३५६ किंवा ८०० रोपं. नुसतं 'ग्राउंड कव्हर, २०० चौ. फूट' असं लिहिलेल्या दोन कोटेशनांची तुलनाच होऊ शकत नाही. अंतर, पिशवीचं माप आणि रोपाची उंची, तिन्ही लिहून घ्यायची. आणि रोप मोठ्या पिशवीत असलं म्हणजे त्यात वाढलेलं असतंच असं नाही. विक्रीच्या आधी आठवडाभर पिशवी बदललेली असू शकते. एक-दोन पिशव्या फाडून हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) बघायची: माती सुटून पडली तर मुळं अजून धरलेली नाहीत. आणि मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील तर झाड जुनं झालंय. ती मुळं मोकळी न करता लावलं तर वाढ खुंटते.

शेवटी हस्तांतर. लँडस्केपवाला जाताना माळ्याच्या हातात तीन कागद हवेत: जमिनीखालच्या पाइप आणि वायरींचा नकाशा, प्रत्येक व्हॉल्व्ह कुठला भाग भिजवतो त्याचा तक्ता, आणि लावलेल्या प्रत्येक जातीचं नाव व संख्या. करारात तीन ते सहा महिन्यांची देखभाल आणि मेलेली रोपं बदलून देण्याची अट असते, पण यादीच नसेल तर काय मेलं ते सांगणार कसं? नकाशा नसला की माळ्याची पहिली कुदळ थेट पाइपवर बसते. व्हॉल्व्हचा तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कंट्रोलरच्या (व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या) झाकणाला आतून चिकटवायचा. ऑफिसच्या फायलीत ठेवलेला माळ्यापर्यंत पोचत नाही.

भाचीला प्रवेशाची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वेळ आहे ना? १० फूट बाय १० फूट जागा मिळाली तर पुष्कळ झालं. दोरीनं काटकोन काढून, नळीनं पातळी घेऊन, एका बाजूला सव्वा इंच उतार देऊ दे, म्हणजे १:१०० ला थोडा जास्तच. माती भरून लव्हाळ्यासाठी थांबू दे. अर्ध्यात हरळीची मुळं चार-चार इंचांवर टोचायची, अर्ध्यात झेंडू. पावसाळ्याचे दिवस आहेत, पहिल्या जोरदार सरीनंतर छत्री घेऊन बाहेर जायचं आणि पाणी कुठे थांबतंय ते बघायचं. फोटो काढून इथे टाकलेत तर पुढचं सांगतो.

शेवंती

झेंडूची रोपं एक फुटावर लावा, आणि कळी दिसायच्या आधी, सहा-आठ पानांवर असताना शेंडा खुडायला सांगा. दोन रोपं मुद्दाम न खुडता ठेवा. महिन्याभरानं शेजारी शेजारी बघितली की छाटणीनं झाडात काय होतं ते तिला स्वतःच दिसेल.